कडता

परराष्ट्र खात्याचं पत्रक एवढंच म्हणतं :
अनावश्यक प्रवास टाळावा.
डबा खाऊन झाल्यावर मी ते तीनदा वाचलं,
माती परीक्षणाच्या टेबलाशी.
समोर एकशे बारा पुड्या,
मोहा, हावरगाव, खामसवाडी,
प्रत्येकीवर गट नंबर.

अनावश्यक.
हा शब्द माझ्या ओळखीचा.
लातूरला एम.एस्सी.ला निघाले तेव्हा
मामांनी तो वेगळ्या कपड्यांत आणला होता.
येरमाळ्याच्या पुढं एकटीनं जाणं अनावश्यक,
स्कूटी अनावश्यक,
दुसरं लग्न न करणं तर फारच.
या वेळी शिक्क्यानिशी आला,
म्हणून ओळखायला वेळ लागला.

तिकडं संसद बरखास्त झालीय.
निवडणूक कधी, कुणी सांगत नाही.
राजधानीतला एक पूल रात्री बंद असतो.
जिच्या हाताखाली तीन महिने शिकायचं ती इरेना लिहिते :
मशीन चालू आहे, चौथ्या मजल्यावर काही ऐकू येत नाही, ये.
मग दोन दिवस काहीच नाही.
मग : वीज गेली होती. ये. पण तुझं तू ठरव.

तुझं तू ठरव.
हे मला अजून कुणी म्हटलं नव्हतं.

घरात सगळेच ठरवतायत.
भावजय म्हणते, टीव्हीवर टायर जळताना दाखवले.
भाऊ म्हणतो, टायर तर आपल्या चौकातबी जळाले,
दोन दिवस एसटी बंद, नेट बंद,
तेव्हा कुठल्या देशानं पत्रक काढलं
की धाराशिव जिल्ह्यात जाऊ नका?

निवृत्तीनानांना ऐकू कमी येतं,
'सरहद्द' म्हटलं की येतं.
रझाकारांच्या साली पंधरा वर्षांचे होते,
दोन रात्री चालून बार्शीला गेले.
बार्शी म्हणजे परमुलूख.
आता एसटीनं दीड तास, मध्ये चहा.
"हाली पैसा चालंना की तिथं. कलदार पायजे.
मुठीत पाच रुपये, अन् उपाशी."
तेरा महिन्यांनी परत आले
ते सायकलची घंटी घेऊन. सायकल नव्हती.

नाना, भ्याला नव्हता का जाताना?
"भ्यालो की. ऱ्हायलेलेबी भेतच होते."
जरा थांबून,
"माझ्यासंगं शिवलिंग निघाला हुता. वेशीपास्नं माघारी फिरला.
त्योबी जगला. चांगला नव्वद वर्सं."
म्हणजे यातून काही शिकता येत नाही.
मग मलाच, "तू जायलालीस का नाय?"

व्हिसाची मुदत अठ्ठावीसला संपते.
तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.
लातूरचा एजंट रोज फोन करतो :
मॅडम, विमा घेऊन टाका,
दंगल आणि युद्ध सोडून सगळं त्यात येतं.

काल संध्याकाळी बॅग अडतीवर नेली वजनाला.
उस्मानभाईनं ती सोयाबीनच्या काट्यावर ठेवली.
लाल आकडे हलले, डळमळले,
तेवीस किलो चारशेवर थांबले.
तो सवयीनं म्हणाला, "कडता दीड किलो,"
आणि आपण काय बोललो ते कळून हसला.
मीही हसले.

कडता कशाचा, हे अडतीवर कुणी विचारत नाही.
ओलीचा, मातीचा, पोत्याचा,
वाटेत जे सांडणार त्याचा.
आधीच कापायचं आणि पट्टी करायची.

मी बॅग उचलली.
ती होती तेवढीच जड होती.

आज टेबलावर सदतीस पुड्या उरल्यात.
त्यातल्या एकीत, मोह्याच्या, एक वाळलेली गोगलगाय निघाली.
ती बाजूला काढली, माती चाळली, नोंद केली.
सतरा तारखेपासूनच्या रकान्यात
माझ्या जागी श्रीदेवीचं नाव लिहिलंय,
पेन्सिलीनं.