धुराचा दाखला

खिडकी क्रमांक अकरा.
पलीकडच्या बाईंनी कागद दोनदा चाळले,
मालकीचा, विम्याचा, पत्त्यासाठी माझं विजेचं बिल,
आणि विचारलं, धुराचा दाखला?

मी म्हटलं, ही गाडी धूर सोडत नाही.
हे त्या रोज ऐकत असाव्यात.
पैसे घेतले, शिक्का मारला, मागच्या काचेवर
चिकटवायला तात्पुरता लाल कागद दिला.
त्यावर महिन्याचा आकडा, एवढा मोठा
की पोलिसाला चष्मा लागू नये.

भुसावळला पीयूसी म्हणजे पंपाशेजारची व्हॅन,
आत पेंगणारा पोरगा, नंबरप्लेटचा फोटो,
नळी सायलेन्सरला लागली न लागली
तोच हातात कागद.
मी त्याच हिशेबात राहिले
आणि एकवीसशे डॉलर मोजून
ओडेत सिल्वेरा बाईंची जुनी कोरोला घरी आणली.
दाखला विकणाऱ्यानं द्यायचा असतो,
मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं.
ज्याला माहीत होतं तो माणूस
बदामाला फुलं आली तेव्हा गेला.

टरलॉकच्या मेन स्ट्रीटमागे सर्गोनचं गॅरेज.
त्यानं स्टिअरिंगखाली वायर जोडली,
पडद्याकडे बघत राहिला.
पास नाही, म्हणाला. नापासही नाही.
बॅटरी कोणी काढली होती का?
तार सुटली की हिची पाटी कोरी होते.
आता स्वतःला तपासायला हिला
शंभरेक मैल लागतील.
गार इंजिनानं निघ, एका चालीनं चालव,
घाई करू नकोस, मग ये.
आजचे पैसे मात्र द्यावे लागतील.

(नवी बॅटरी शेजाऱ्यांनी बसवून दिली होती.
विधवेला मदत म्हणून. फुकट.)

फोन करण्याआधी मी कायदा पाठ केला.
'जबाबदारी विकणाऱ्याची' हे वाक्य
आंघोळ करतानाही म्हणून पाहिलं,
कुठल्या शब्दावर जोर द्यायचा ते ठरवलं.
ते म्हणून झालं नाही. मैलांचं आधी निघालं.
बाई गप्प. मग म्हणाल्या,
शंभर मैल?
मी येऊ का?

पहाटे सहाला फाटकाशी उभ्या होत्या,
पर्स पोटाशी धरून, ओठांना लिपस्टिक.
त्यांना गाडी चालवता येत नाही.
एकोणीस वर्षं त्या याच सीटवर बसल्या
आणि रस्ता त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो.
साठच्या वर नको, म्हणाल्या, आदेलिनो नाही जायचा.
गोठ्यांचा वास आला तशी काच वर केली,
वास येण्याआधीच.
लोस बानोसच्या पुढे, सगळं सपाट दिसत असताना,
आता एसी बंद कर, म्हणाल्या, चढ येतोय.
आला.

धरणापाशी थांबलो. पाणी खूप खाली गेलेलं.
त्यांनी फॉइलमधला गोड पाव काढला,
अर्धा मला, अर्धा स्वतःला,
मग स्वतःच्या अर्ध्यातला अर्धा
बराच वेळ हातातच.
इंजिन गार होऊ दे, मी म्हटलं,
खरं तर त्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्गोननं कागद छापला. पास.
बाईंना फोनवर फोटो पाठवला.
त्यांनी विचारलं, त्यावर नाव कोणाचं आहे?
कोणाचंच नाही, म्हटलं, फक्त गाडीचा नंबर.

तपासणीचे पैसे त्यांनी पाकिटातून दिले, दोन्ही वेळचे.
नको म्हटलं असतं तर शोभलं असतं.
पण महिनाअखेर होती. घेतले.

गुरुवारी पुन्हा त्यांचा फोन.
गाडी बरी आहे ना?
बरी आहे.
ते शंभर मैल परत कधी लागतात?

तपासणी दोन वर्षांनी, मी म्हटलं.
पलीकडे त्या काहीतरी मोजत होत्या,
पोर्तुगीजमधे, हलक्या आवाजात.