अर्धा आटा मागे

तुटला तेव्हा आवाज झाला नाही.
हातातला दहाचा पाना एकदम हलका झाला, एवढंच.
जिना उतरताना शेवटची म्हणून अजून एक पायरी धरावी
आणि ती नसावीच, तसं.

डोकं माझ्या मुठीत,
धड इंजिनाच्या हेडात.

उदगीर. देगलूर रोडवरची टपरी.
एप्रिलचे साडेदहा, पत्रा कडकड वाजायला लागलेला.
समोर तातेराव उभे, जनावरांच्या दवाखान्यातले,
गाडीच्या सीटवर नायट्रोजनचा कॅन,
कॅनात देवणी वळूच्या चार कांड्या
आणि तिकडं वलांडीला एक गाय पहाटेपासून हंबरत होती.
"गाय काय तुमच्या बोल्टासाठी थांबती व्हय?"

मी पंधरा वर्षांचा.
आता कुठली शिवी येईल, त्याचा मनात अंदाज घेत होतो.

इरण्णा मिस्त्री बिडी विझवून आले, वाकले,
थुंकी लावलेल्या बोटानं तुटलेला काठ पुसला.
"वाळलाय," म्हणाले.
रॉकेल आणि गिअर ऑइल, निम्मं-निम्मं,
सलाईनच्या सुईतून तीन थेंब.
"जा, चहा सांग."

चहा झाला. तातेरावांनी दुसरा घेतला.
बोल्ट जिथल्या तिथं.

मग टॉर्च. निळी जीभ बोल्टावर नाही,
त्याच्या भोवतीच्या ॲल्युमिनियमवर फिरवली, हळू,
आजारी पोराची पाठ शेकावी तशी.
लोडशेडिंगची अर्धी मेणबत्ती फटीला टेकवली
आणि मेण आत ओढलं गेलं,
शिळ्या भाकरीनं तेल ओढावं तसं.
शेजारच्या अफसरनं ठोंबावर नट वेल्ड केला.
पहिला नट निघून हातात आला.
दुसरा धरला.

"आता घट्ट कर," मिस्त्री मला म्हणाले.
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
"घट्ट. ज्या वाटेनं आत गेलाय,
त्या वाटेला जरा जाऊ दे त्याला. मग माग."

केसभर पुढं. अर्धा आटा मागं.
पुन्हा पुढं. तेल. मागं.
कुईं असा बारीक आवाज, दाराच्या जुन्या बिजागरीसारखा,
आणि माझ्या बगलेतून घामाची धार.
पाऊण तास.
पाना माझ्या हातात, पण माझ्या मनगटावर
मिस्त्रींची दोन बोटं,
नाडी बघतात तशी.

निघाला.
निघाला तो इंजिनाचा नव्हताच.
जाड आट्याचा, सायकलच्या कॅरिअरचा असावा,
दातांत हेडाच्या चांदीसारख्या साली अडकलेल्या.
"कुण्या गाढवानं ठोकला ओ हा?" तातेराव.

मी फडक्यानं भोकाभोवतीची काजळी पुसत होतो.
काजळीखाली पंचाचे दोन ठिपके.
एक, उघडलं म्हणून.
एक, बघून बसवलं म्हणून.
अख्ख्या उदगिरात दोन ठिपके मारणारा एकच माणूस,
हे मला ठाऊक होतं,
रोज सकाळी त्याची पेटी मीच लावायचो.

मिस्त्रींनी अंगठा त्या ठिपक्यांवर ठेवला.
बराच वेळ ठेवला.
"मी," म्हणाले.
"सहाचा मिळाला नव्हता त्या दिवशी. घाई होती."
"गिऱ्हाइकाला?"
"नाही ओ. मला."

तातेराव कॅनाकडं बघत राहिले.
रस्त्यानं उसाच्या रसाची गाडी घुंगरं वाजवत गेली.

भोक आता कायमचं मोठं.
आठचा टॅप मारला, कचरा फुंकून काढला,
नवा बोल्ट माझ्याकडं दिला. "तू लाव."
मी लावला, टेकला, अजून एक हिसका देणार तोच
"बस."
अजून जाईल की.
"बस म्हणलं."

पैसे घेतले नाहीत. बोल्टाचे बारा रुपये घेतले.
पेटीतून पंच उचलला,
हेडाजवळ नेला,
आणि तसाच परत ठेवून दिला.

तातेराव दोनला गेले, धूर मागं ठेवून.
गाय थांबली होती की नाही,
त्यांनी कधी सांगितलं नाही.
पुढच्या महिन्यात क्लच केबल बदलायला आले,
तेव्हा मीही विचारलं नाही.