इथे जमीन नाही

ऑर्व्हिल सारेलांच्या तळघरात
अजून कापडी वेष्टणाच्या तारा आहेत,
त्यांच्या वडिलांनी एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली ओढलेल्या.
दोनच. एक नेणारी, एक आणणारी.
जमिनीत जाणारी तिसरी घातलीच नाही कुणी.
"तेव्हा लागत नसे," ते म्हणतात,
जणू तेव्हाची माणसं वेगळ्या मातीची होती.

डलुथमध्ये एप्रिलात बर्फ भिंतींतून आत येतो.
फरशीवर बोटभर पाणी,
खड्ड्यात पंप, कोपऱ्यात फ्रीझर,
आणि म्हाताऱ्याच्या पायांत कापडी सपाता.

गेल्या ऑक्टोबरात इथे मी
दोन बटणांचं सॉकेट बसवलं होतं.
आज त्या जागी पुन्हा जुनंच, तपकिरी.
"तुझं ते सारखं पडायचं, मार्लिस.
चाळीस पौंड हरणाचं मांस गेलं.
कुत्र्यानंही तोंड लावलं नाही."

मी वाद घातला नाही.
मीटरचं एक टोक फ्रीझरच्या पत्र्याला लावलं,
दुसरं नळाच्या पाइपला.
काटा नव्वदवर जाऊन थांबला.

त्या सॉकेटला फार अक्कल नसते, ऑर्व्हिल.
त्याला फक्त वजाबाकी येते.
किती गेलं, किती परत आलं.
चिमूटभर कमी भरलं
की चौकशी करत बसत नाही ते,
कुणाच्या तरी अंगातून जातंय
असं धरून चालतं,
आणि सोडून देतं.

ते जिन्याच्या पायरीवर बसले.
"रेनोला सोडता आलं नव्हतं," म्हणाले.
"धक्क्यावर, होडीला भोकं पाडत होता.
ड्रिल लोखंडी. पाय ओले.
मी चौदाचा. तो थरथरायला लागला,
मला वाटलं, पाद्र्याची नक्कल करतोय.
मी हसलो."

वर कुठेतरी घड्याळाचे ठोके पडले.

"किती वेळ?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"माझं हसू संपेपर्यंत."

हे नवं सेकंदाच्या चाळिसाव्या भागात तुटतं,
हे मी त्यांना सांगणार होते.
नाही सांगितलं.
तपकिरी काढलं, पांढरं बसवलं,
स्क्रू जरा जास्तच आवळले.
मग नियमाप्रमाणे स्टिकर:
इथे जमीन नाही.
त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन वाचलं.
"हे काय नवीन सांगतेस," म्हणाले.

महिन्यातून एकदा दाबून बघायचं, मी म्हटलं. आता तुम्ही दाबा.
बोट बटणावर ठेवून ते बराच वेळ उभे होते.
टक्.
दिवा गेला, पंप थांबला,
आणि अंधारात
भिंतीतून पाणी येताना ऐकू आलं.

दुसरं बटण त्यांनी लगेच दाबलं नाही.
मीही घाई केली नाही.

फ्रीझर मी भिंतीकडे तोंड करून ठेवला,
वायर कापून.
बिलावर लिहिलं: सॉकेट एक, स्टिकर एक.
वेळेच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.