रिकाम्या गाडीचा आवाज

भरलेली असली की गप्प.
अंबडहून कास्टिंगची खोकी लादून निघाली
की शहाण्यासारखी जाते धुळ्यापर्यंत.
तिथं ताडपत्री सुटते, माल उतरतो,
आणि परतीला चांदवडच्या अलीकडे-पलीकडे
काटा पंचेचाळीसवर आला की
तो सुरू होतो.

खडखड नाही. शिट्टी नाही.
बंद दाराआड कुणी रिकामं जातं फिरवत बसावं, तसा.
पन्नासला थांबतो. चाळीसला थांबतो.
मधेच कुठंतरी त्याचं घर.
सीटमधून मणक्यात, मणक्यातून दाढेत,
आणि आरशातला मागचा रस्ता
थरथरून दोन होतो.

आठ महिने.
मुंबई नाक्यावर टायर अदलाबदल केले,
द्वारकेला इंजिनाखालची रबरं,
सातपूरला सायलेन्सरचा पट्टा,
पाट्यांचे बुश कुठं घातले ते आता आठवतही नाही,
पैसे तेवढे आठवतात.
प्रत्येकानं बोनेटवर थाप मारून सांगितलं,
झालं, जा बिनघोर.
प्रत्येकाचं खरं ठरलं
धुळ्यापर्यंत.

समाधान म्हणाला, मालक, विकून टाका, वय झालं हिचं.
समाधान एकवीसचा, गाडी सव्वीसची.
बायको म्हणाली, तुमच्या कानात आहे तो.
मग एक दिवस तिलाच बसवलं केबिनमध्ये,
पिंपळगावपासून घरापर्यंत.
उतरताना पदर झटकत म्हणाली,
आहे.
पण अगदीच वाईट नाही.

आडगाव नाक्याला, ट्रक टर्मिनलच्या मागच्या अंगाला
निवृत्ती मिस्त्री बसतो.
नावात निवृत्ती, हातात सत्तरीतही पाना.
दोन्ही कान गेलेले. पंचेचाळीस वर्षं
चालू इंजिनाशी बोलून बोलून गेले.
आवाज शोधायला बहिऱ्याकडे?
समाधान हसला, मीही हसलो असतो,
पण बाकीचे सगळे करून झाले होते.

काचेवरच्या धुळीत मी बोटानं लिहिलं : ४५.
त्यानं ते तळव्यानं पुसलं
आणि चढला तो मागं, रिकाम्या हौद्यात,
फळ्यांवर पालथा, गाल लाकडाला लावून.
समाधान त्याचे पाय धरून.
ओझरकडे नेली गाडी.
केबिनच्या पत्र्यावर पाना एकदा वाजला : वाढव.
दोनदा : न्यूट्रल.
न्यूट्रलमध्येही जातं फिरतच होतं.
म्हणजे इंजिन निर्दोष. बिचाऱ्याची रबरं
उगीच बदलली.

परत आल्यावर गाडीखाली शिरला.
डिझेलचा बोळा घेऊन शाफ्टचा सांधा पुसत राहिला,
ग्रीसखालून धूळ, धुळीखालून ग्रीस,
आणि मग कंपनीनं कोरलेले दोन बाण.
ते समोरासमोर असायचे असतात.
एक दुसऱ्याच्या जरा बाजूनं बघत होता.
एका दाताचा फरक.
दोघे रुसलेले भाऊ एकाच ताटाला बसावेत
आणि ताट हलावं, तसं.

मिस्त्रीनं बॅटरी माझ्या तोंडावर धरली.
हातानं विचारलं :
कुणी उघडलं होतं हे?

राहुड घाट. रात्रीचे दोन.
क्रॉस तुटलेला, मोबाईल दातात धरून उजेड,
समाधाननं शाफ्ट पेललेला, आणि माझे हे हात
ग्रीसमध्ये कोपरापर्यंत.
मिस्त्रीशिवाय जोडली मी, रस्त्यावर, एकट्यानं!
महिनाभर चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगत होतो.

मी मिस्त्रीला खांदे उडवून दाखवले.
त्यानं बॅटरी विझवली.
दीडशे रुपये घेतले, पन्नास परत केले,
का ते कळलं नाही.

पुढची खेप. धुळ्याहून परत, रिकामे.
चाळीस. त्रेचाळीस. पंचेचाळीस.
समाधान माझ्याकडे बघतो, मी काट्याकडे.
काही नाही.
नुसती मागच्या फाळक्याची साखळी वाजत होती,
ती आधीपासूनच वाजत असणार.
आरशात रस्ता एकच.

चांदवडला चहा सांगितला.
समाधाननं विचारलं,
मालक, चूक कुणाची होती शेवटी?

बाणाची, मी म्हणालो,
आणि बशीतला चहा
एकदम प्यालो, गरम.