तुमच्याकडं पाणी कधी?

आले तेव्हा माझ्याकडे एक यादी होती :
किल्ला, तळं, तळ्यातलं देऊळ,
चादरी दोन, एक आईला एक मावशीला,
शेंगाची चटणी अर्धा किलो.
एका रविवारी दुपारी साडेतीनपर्यंत
सगळं उरकलं
आणि बदलीची तीन वर्षं शिल्लक राहिली.

मी चिपळूणची. पाणी म्हणजे
अंगणात, पायरीवर, कधी थेट माजघरात
न विचारता येणारं.
घरमालकीण नरसव्वा म्याकल
भाड्याचं बोलायच्या आधी म्हणाली,
"पिंप किती हायत तुमच्याकडं?"
म्हटलं, एक बादली आहे.
मी हसले. ती नाही हसली.

किल्ल्याच्या बुरजावरून मी शहर पाहिलं होतं.
गच्च्या, त्यांच्यावर काळ्या टाक्या,
एक धुराडं, ज्यातून काही निघत नव्हतं.
फोटोत टाक्या येऊ नयेत म्हणून
मी जरा डावीकडे सरकले होते.

मग एका पहाटे, पावणेतीनला,
समोरच्या घरातला माग थांबला.
रात्रभर खटखटायचा तो, त्यात झोप लागायची,
जाग आली ती त्या शांततेनं.
आणि पाठोपाठ अख्खी गल्ली ओरडली,
"नीळ्ळू ओच्चिनय!"
मला तेलुगू येत नव्हतं.
कळशीवर कळशी आपटली की कळतं कुणालाही.

शहराला मी पहिल्यांदा गाऊनमध्ये पाहिलं.
त्यानंही मला.
विडीच्या पानांची कात्री कमरेला तशीच लटकलेली म्हातारी,
बनियनवर गणिताचे सर,
पाईप तोंडात धरून ओढणारा त्यांचा मुलगा,
आणि मी, एक बादली घेऊन.
नरसव्वानं तिचं तिसरं पिंप
काही न बोलता माझ्या दारात लोटलं.

चावीवाला मलकप्पा सायकलवरून यायचा,
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी.
एकदा मी त्याच्यामागं चालत गेले,
साखर पेठेतून जोडभावी पेठेत, मग कुठं कुठं.
"कशाला मागं मागं येलालाव, मॅडम?"
मलाच माहीत नव्हतं.
तो काही दाखवत नव्हता.
रस्त्यातलं झाकण उचलायचा, उकिडवा बसायचा,
कान लावायचा,
आणि खालच्या अंधाराला कानडीत म्हणायचा,
"बा… बा…"
माणसांशी मराठी. नगरसेवकाच्या फोनशी मौन.
एका कोपऱ्यावर म्हणाला, मिल सुटायच्या आत इथलं संपवायचं.
मिल बंद झाली तेव्हा
माझा जन्मही झाला नसेल.

तेव्हापासून दिवसांची नावं बदलली.
वार गेले,
पाण्याचा, पाण्याच्या दुसऱ्याचा, पिंपातल्या तळाचा
असे दिवस आले.
डाळ भिजवायची कधी, पाहुणे बोलवायचे कधी,
डोक्यावरून आंघोळ कधी,
शहर आतून सांगू लागलं.

मंगळवार बाजारात एक मेथीवाली बसते.
वर्षभर तिनं मला एकच विचारलं होतं,
"कुठल्या तुम्ही?"
त्या दिवशी जुडी उचलली तर म्हणाली,
"तुमच्याकडं पाणी कधी?"
बोटं न मोजता मी सांगितलं, "परवा. पहाटे."
"मग परवाच न्या की. चिखल लई हाय ह्याला,
आज धुवाल कशानं?"
जुडी परत घेतली तिनं माझ्या हातातून.
मी रिकामी पिशवी हलवत घरी आले,
चौकातल्या सोड्यावाल्याला
उगाचच हात केला.

परवा आई आली.
म्हणाली, दाखव तुझं गाव.
पिंपातल्या तळाचा दिवस होता.
मोरीत उभी राहून तिनं पाय धुतले,
एक तांब्या, दुसरा तांब्या,
चिपळूणच्या बाईला असतं तसं निवांत,
आणि तिसरा भरायला वाकली तेव्हा
माझा हात आपोआप पुढे गेला,
तांब्यावर.

आईनं वर पाहिलं.
पहिल्या रविवारी
मी तळ्यातल्या देवळाकडं पाहिलं होतं, तसं.