मपली

चौथीच्या बत्तीस वह्या. एकतीस वह्यांत एकच आई.
प्रेमळ. पहाटे पाचला उठणारी.
सहा जणांच्या आयांचा तर वाढदिवसही एकाच तारखेला,
गाईडात छापलाय त्या.

फक्त शिवकन्याच्या वहीत, पहिल्याच ओळीला:
‘मपली माय गिरनी चालवती.’
मी ‘मपली’भोवती लाल गोल केला,
‘माय’भोवती केला, ‘चालवती’भोवती केला,
वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, माझी आई,
आणि पुढचं गाईडात बघ म्हटलं.
तिनं बघितलं.
दहापैकी आठ दिले मी.

तिसऱ्या दिवशी वही परत टेबलावर,
कोपऱ्याला पीठ.
“मॅडम, मायला वाचून दाखवलं.
माय म्हनली, ही मी न्हाई,
ही दुसरीच कोन्ही बाई हाय.”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
ज्वारीचा डबा घेऊन मीच गेले,
परतूर रस्त्याला, पंक्चरच्या टपरीशेजारी.
लाईट गेलेली. पट्टा थांबलेला.
मुद्रिकाबाईंच्या भुवयासुद्धा पांढऱ्या,
पोत्यावर बसून लेकीला विचारत होत्या:
“गिरनी बंद झाल्यावर काय व्हतं? लिव्हलंस का?
उधारी मागताना मी कुनीकडं बगती?
ते लिव्हलंस का?”

सहीच्या जागी अंगठा लावणारी बाई.
डी.एड.च्या दोन वर्षांत
मला कुणी असं विचारलं नव्हतं.

मला बघून म्हणाल्या,
“तुमच्या वहीत लई गोड बोलती आमची पोरगी.
घरी कुटं बोलती तशी.”

सोमवारी शिवकन्यानं आणलं:
‘गिरनी बंद झाली तरी मपली माय घडीभर वरडूनच बोलती.
तिच्या कानात गिरनी चालूच असती.
मंग ती हळू होती.
मंग मी तिला शाळेतलं सांगती.’

लाल पेनचं टोपण काढलं. परत लावलं.
दोन ‘न’ होते, त्यांचे ‘ण’ व्हायला हवेत.
होतील. दिवाळीपर्यंत होतील.

मग वर्गाला सांगितलं,
लिहिलेलं घरी मोठ्यानं वाचायचं.
आई रानात असेल तर आजोबांना,
आजोबा झोपले असतील तर शेळीला,
पण मोठ्यानं.
टपरीवाल्यांचा अल्तमश उभा राहिला:
“अब्बा ट्यूब पाण्यात बुडवतात, तसं का मॅडम?
बुडबुडा आला की तिथं भोक.”
तसंच रे, म्हटलं,
आणि फळ्यावरचा ‘निबंधाची आठ अंगे’ तक्ता
खडूच्या डब्यामागं सरकवला.

केंद्रप्रमुख आले. वह्या चाळल्या.
“आणि प्रमाणभाषा?”
“फळ्यावर आहे, सर.”
“मग ही?”
“ही वहीत आहे.”
त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

खरं सांगायचं तर
अकरा जण अजून गाईडातूनच उतरवतात.
शेळीला वाचलं म्हणतात, शेळीला काही कळलं नाही म्हणतात.
एका पोरानं आईवर लिहिलंच नाही, कोरं पान दिलं.
त्याला मी काही विचारलं नाही,
पान तेवढं तारीख टाकून जपून ठेवलंय.

काल रात्री मीही बसले लिहायला.
पहिलं वाक्य: माझी आई प्रेमळ होती.
खोडलं.
दुसरं: माझी आई एसटीत कंडक्टरनं दिलेले सुटे पैसे
तीनदा मोजायची, मग रुमालाला गाठ मारायची,
आणि एकदा गाडी सुटल्यावर
जालन्याच्या स्टँडवर त्या गाडीमागं धावली होती.

आज वर्गात वाचून दाखवलं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मागच्या बाकावरून शिवकन्या म्हणाली,
“मॅडम, किती पैशे कमी व्हते?”

आठवेना.
आठवून सांगते, म्हटलं,
आणि तेवढी जागा वहीत मोकळी सोडली.