कागद पूर्ण आहेत

कागद पूर्ण आहेत, गव्हाणेशेठ.
इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला,
लाकडी पेट्यांना धुरी दिल्याचं सर्टिफिकेटसुद्धा.
अकरा पेट्या, बावीस रोलर,
पिठाच्या गिरणीचे, खाचा पाडलेले,
ग्रीस चोपडून मेणकागदात गुंडाळलेले.
भोसरीतल्या शेडमधून निघाले तेव्हा
पोरांनी नारळ फोडला.
फोटोत मीही आहे, कडेला.

आता चाळीस दिवस ते तळेगावच्या डेपोत.

बंदर तसं जवळ आहे त्यांचं.
न्हावा शेवाहून चार दिवस, समुद्र शहाणा असेल तर तीन.
पण ज्या कंपनीची बोट तिकडे जायची
तिनं पत्र पाठवलंय दोन ओळींचं,
त्यातली एक ओळ 'आपला विश्वासू' आहे.
दुसरी म्हणते, नेऊ, विमा तुमचा तुम्ही बघा.
विमावाला म्हणतो, आधी बोट कुणाची ते सांगा.
राहिला तिसरा रस्ता:
मर्सिनला उतरवायचं, तिथून ट्रकनं डोंगरामागून डोंगर.
द्राविडी प्राणायाम तो हाच,
फक्त नाकाचं भाडं डॉलरमध्ये.

चिंचवडच्या बँकेत कुर्लेकर भेटले.
भला माणूस, स्वतः चहा मागवला.
म्हणाले, अन्नाला सूट आहे, औषधाला सूट आहे,
सतराव्या पानावर स्पष्ट लिहिलंय.
मी म्हटलं, मग?
म्हणाले, मॅडम, सूट कायद्यात आहे,
सिस्टिममध्ये नाही.
स्क्रीन वळवली माझ्याकडे.
तिकडच्या गिरणीवाल्याचं नाव
आणि यादीतलं कुणा भलत्याचंच नाव
ब्याऐंशी टक्के जुळतंय.
पत्रिका एवढी जुळली
तर आपल्याकडे मांडव घालतात.

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात.
भोसरीत दगड भिरकावला तर
गव्हाण्याला लागेल नाहीतर लांडग्याला.
उद्या आमच्यातला एक कुणी यादीत गेला
तर अख्ख्या गावानं दळण बंद ठेवायचं का?
हसलात, मग ड्रॉवर उघडलात
आणि काही न काढता बंद केलात.
पगाराची तारीख सात असते. आज एकोणीस.

डेमरेज रोज चढतं.
नुसतं उभं राहण्याचं भाडं.

शुक्रवारी तिकडून मोबाइलवर आवाज आला.
गिरणीवाल्याचा मुलगा, बेहनाम.
इंग्रजीत दोन वाक्यं अडखळला
आणि मग फोन यंत्राजवळ धरला.
घरघर. मधेच एक ठेच.
पुन्हा घरघर, पुन्हा ठेच.
मी टाइप करू लागले,
'आपला मेसेज मिळाला, आम्ही प्रयत्नशील आहोत'
तुम्ही हात वर केलात.
डोळे मिटून तीनदा ऐकलंत.

'डावीकडचा दुसरा.
खाचा गेल्यात, आणि बेअरिंगनं धरलंय.
सांग त्याला, गहू कमी सोड.
त्याच्या गावात एखादा म्हातारा टर्नर असेलच,
कुठल्या गावात नसतो,
त्याच्याकडून खाचा पुन्हा पाडून घे म्हणावं.
कोन मी सांगतो.'

तुम्ही कोन सांगितलात.
मी लिहिला. पाठवला.

रात्री जाग आली.
हे जे गेलं तो माल होता की आणखी काही?
याचा एचएस कोड कोणता, वजन किती,
कुठल्या बंदरावर उतरलं ते?
सतराव्या पानानंतर अठरावं असतं.
त्यात 'तांत्रिक साहाय्य' असा शब्द आहे,
मी वाचलाय.

सकाळी सगळ्या फाइलींना नंबर टाकले:
बँक, बोट, विमा, डेपो.
तो मेसेज मात्र कुठल्याच फाइलला लावला नाही.

पेट्या तळेगावात तशाच.
ग्रीस दोन पावसाळे काढतं, तुम्ही म्हणता.
परवा तिकडून नुसता एक अंगठा आला, पिवळा.
तुम्ही विचारलंत, आवाज कसा आहे आता?
अंगठ्याला आवाज नसतो, शेठ.